घाटातली झापड

...मारकुटी म्हनतात मले! अवो, परवा हळदीकुंकवात सख्ख्या जावेनं बोट दाखवलं माझ्याकडं, "हेच थे बाई, घाटात मानसं मारते!" मी! जिनं जल्मात मुंगीवर पाय देला नाई... म्हंजे देला असंन, पन पाहून नाई देला! अन् हे सारं कशापाई? एका गाडीपाई! मी पयल्यापासून सांगते, अन् मंग तुम्हीच सांगा बाप्पा, मार कोनाले पाह्यजे होता?

आमचे हे, मोतीरामजी, तीस वर्सं एस.टी. चालवली त्यायनं. मानसाचं मन भरावं का नाई? नाई भरलं! रिटायर झाले अन् एक जुनी पेट्रोलची कार घेऊन आले घरी. माह्या लग्नाच्या वक्ताची असंन थे. रंग गेला, शीट फाटल्या, पन ह्यायची तिच्यावर अशी माया, का मले कधी "जेवली का" म्हनून इचारलं नसंन, तिले रोज सकाळी "कशी हायेस बे" इचारत!

आता त्या गाडीची एक खोड. उन्हाळाभर पळे, पावसाळाभर पळे, अन् हिवाळ्यात मोताळ्याहून बुलढान्याले निघालं, राजूर घाट चढाले लागलं, धुकं आलं, का खोकला! खुक्... खुक् खुक्... अन् ठप्प! मंग हे उतरत. शीटखालून बाभळीचं दांडकं काढत. अन् गाडीले असे झोडपत... असे झोडपत... बोनेटवर, चाकावर, डिक्कीवर! "चालतं का नाई? चालतं का नाई बे? तुह्या मायले!" दहा मिन्टं मार. ह्यायचा दम सुटला का आत बसत, चावी फिरवत, अन् धुर्रर्र... सुरू! मंग मिशीवर हात फिरवून मले म्हनत, "पाह्यलं? लाडानं ऐकत नाई थे. मार पाह्यजे तिले."

गावात मेकॅनिक हाये अकीलभाई. गरीब मानूस, हळू बोलते. त्यानं दहादा सांगतलं, "काका, इंजनाकडून गरम हवा आननारी टीनची नळी असते, थे तुमच्या गाडीले नाई. ठंडीत लावा लागते." हे हसले ना! "अकील, अबे आपन वऱ्हाडातले. मे मयन्यात ह्या बोनेटवर भाकर भाजते, अन् तू तिले अजून गरम हवा पाजतं? मीच काढून फेकली थे नळी, उन्हाळ्यात!" घ्या! चव्वेचाळीस डिग्रीत डोकं तापलं अन् नळी काढली, अन् जानेवारीत गाडीले मार! मले सांगा, मार कोनाले पाह्यजे होता?

बरं, एवढ्यावर भागलं असतं त मी काऊन बोलली असती? पन आमची पोट्टी, अर्पिता... तिनं दोन वर्सं पोलीस भरतीची तयारी केली वो. पहाटे चारले उठून धरनाच्या रस्त्यानं धावे. गोळा फेकू फेकू तिचा हात असा झाला, का दारावर थाप मारली त वरची पाल खाली पडे. वयात बसाचं थे शेवटचं वरीस. बुलढान्याले मैदानी चाचनी, सात वाजता गेट बंद. सातले एक मिन्ट झालं का घरी जा, अन् आयुष्यभर घरीच राहा!

मी म्हनलं, पोट्टीले आदल्या संध्याकाळीच पाठवू, लॉजवर राहीन. हे म्हनाले, "मी ड्रायव्हर मानूस, अन् माही पोरगी लॉजवर?" झालं! आदल्या दिवशी पावसानं पानी शिंपडलेलं, घाटात हे एवढं धुकं, हाताले हात दिसत नाई. सव्वासहा झाले. तिसऱ्या वळनावर... खुक्. पोट्टीनं माह्याकडं पाह्यलं. खुक् खुक्. मी गजानन महाराजाचं नाव घेतलं. ठप्प!

हे उतरले, दांडकं काढलं, मार सुरू! धाड धाड धाड! "आजच मराचं होतं का तुले? आजच?" हेडलाईटची काच गेली, तरी मारूनच राह्यले. पोट्टी रडाले लागली. सहा पंचवीस. अन् तेवढ्यात मागून एक जुनी पेट्रोलची जीप आली अन् हॉर्न... पों पों पों पों! रस्ता अरुंद, एका अंगाले दरी, जाईन कुठून? अन् आमच्यामागं उभी राहून राहून तिचाही जीव गेला. ठप्प!

त्यातून उतरला एक पयलवान गडी. भाऊराव त्याचं नाव, थे मंग समजलं. मफलर गुंडाळलेला, डोये लाल. "ए म्हाताऱ्या, तुह्या खटाऱ्यापाई माही जीप बंद पडली ना बे!" आता ह्यायले म्हातारा म्हना, चालते. गाडीले खटारा? हे वळले, दांडकं वळलं, अन् जीपच्या बोनेटवर बद्द! त्यानं ह्यायची कॉलर धरली, गदागदा हालवलं, एक बुक्की घातली पोटात. मी काय पाहत राहू? माह्या हातात डब्बा होता, पितळेचा, शिऱ्याचा. मी थो हानला त्याच्या मफलरावर. एकदा हानला... बरं, तीनदा हानला. शिरा उडाला, साऱ्या रस्त्यावर शिरा! थो ह्यायले सोडून माह्यावर आला, "बाईमानूस हाये म्हनून..." अन् मागून अर्पिता आली. गोळ्याचा हात मागं नेला, अन् एकच झापड. अशी झापड, माय वं, का घाटात आवाज फिरून आला! भाऊराव उभा होता थो बसला. नालीत बसला.

ह्यायनं ओठाचं रक्त पुसलं, आत बसले, चावी फिरवली... धुर्रर्र! भाऊराव लडखडत उठला, त्यानं बी चावी फिरवली... त्याची बी धुर्रर्र! सहा अठ्ठावनले पोट्टी गेटातून आत. अन् रागात अशी धावली, असा गोळा फेकला, का मोजनारा मानूस फीत घेऊन मागं सरकला. मंग लेखी झाली, यादी लागली, नाव आलं. मी रडली, हे रडले.

पन त्याच हप्त्यात अकीलभाईनं गाडी खोलून दाखवली. म्हने, "भाभी, मारानं काही होत नाई. ओल्या थंड हवेत पेट्रोल उडते, तवा हवा-पेट्रोल मिसळनाऱ्या कारबोरेटरचा गळा गार पडते, आत बरफ धरते. बरफ धरला का हवा बंद, गाडी बंद. दहा मिन्टं उभी ठेवा, इंजनाच्या गरमीनं बरफ आपोआप पिघलते." आपोआप! म्हंजे इतकी वर्सं हे मारत होते, तवा आत नुसता बरफ पाझरत होता! मी म्हनलं, नळी आना मंग. अकीलभाईचा डोया माह्या न्हानीकडं. अवो, बंबाचं धुराडं सडलं होतं, मले कोपऱ्यात एक टीनाची नळी सापडली, मी बसवली त्याच्यावर. अशी चपखल बसली का काय सांगू! आता मले काय मालूम थे गाडीची हाये? मार मले पाह्यजे होता म्हनता? म्हना! म्हनून घ्या!

नळी लावली. औंदा गाडी घाटात एकदाही खोकलली नाई. पन खरी धास्ती पुढंच होती. पोट्टीची ऑर्डर निघाच्या आधी चारित्र्य पडताळनी असते ना! पोलिसात जानाऱ्या पोरीवर मारहानीची तक्रार असली, त नोकरी कोन देते? अन् थो भाऊराव त मोताळ्यातच राहे! मले रात-दिवस झोप नाई. अन् ह्या हिवाळ्यात, पयलं धुकं पडलं त्याच दिवशी, थो दारात उभा!

हे हात जोडून उभे. मी पाट टाकला, चहा ठेवला, म्हनलं, "भाऊ, लेकरू होतं, चुकलं, तक्रार नका करू." त्यानं गाल चोळला. म्हने, "ताई, तक्रार काऊन करीन? माही जीप आज घाटात बंद पडली. सारं केलं. लाथा मारल्या, दगडानं ठोकली, क्लीनरले बुकललं. काही केल्या सुरू होईना. त्या दिवशी तुमच्या पोरीनं मले झापड मारली, अन् एका चावीत सुरू झाली ना! तिले म्हना, चाला जरा घाटात."

मी म्हनलं, भाऊ, बरफ असते, थो पिघलते! अकीलभाईनं त्याच्यापाई नवी नळी आनली. त्यानं थे नालीत फेकली. म्हने, "फोकनाड्या नका सांगू मले! झापड देता का तक्रार देऊ?"

पोट्टी म्हने, "आई, मी आता पोलिसात जानार, मले हात उचलता येत नाई." हे म्हनाले, "माहे दंड दुखतात." उरलं कोन?

तवापासून असं हाये. पहाटे धुकं पडलं का फोन येते, "ताई, बंद पडली." हे मले घाटात नेतात. जाता जाता दहा मिन्टं होतातच. थो गाल पुढं करून उभा असते. मी पदर खोचते अन् हानते. बरफ त कवाचाच पिघलेला असते. धुर्रर्र! थो वाकून पाया पडते अन् जाते. लोक पाहतात, अन् म्हनतात मारकुटी!

सांगा ना, मार कोनाले पाह्यजे होता? जाऊ द्या, नका सांगू. हात सुजला माहा. पोट्टीची ऑर्डर अजून आली नाई, अन् उद्या बी धुकं हाये म्हनतात.