अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

सरपंच, आयाबहिणींनो, गावकरी मंडळी, हातातली कामं टाकून तुम्ही एवढे जण या शोकसभेला आलात. मला बोलायला उभं केलंत. बोलणार. सगुणाबाईंबद्दल आज मी गप्प बसले, तर दुसरंच काहीतरी बोललं जाईल.

आपल्या कासार आंबोलीत बायकांचा साक्षरता वर्ग मी दुपारी मारुतीच्या देवळात घेत होते. सगुणाबाई पन्नाशीच्या. सहीपुरतं शिकायला आल्या आणि भागाकाराला चिकटल्या. एकदा तपासणीला साहेब आले. म्हणाले, "बाई, यांना सही शिकवा. गणित कशाला?" आणि हसत हसत फळ्यावर सात वेळा एक लिहिला. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा! "घाला भाग. अहो, याला कशानंच भाग जात नाही."

सगुणाबाई उठल्या. "सायेब, तुमी करून बगितलंय?"

"करायला कशाला हवं? दिसतंच आहे."

"मला न्हाई दिसत."

मंडळी, त्या दिवसापासून त्यांनी भाग घालायला घेतला. तीननं नाही. सातनं नाही. अकरानं नाही, तेरानं नाही. चार, सहा, आठ सोडूनच दिले. मी विचारलं, का हो? तर म्हणाल्या, "दोननं जात न्हाई, मग चारनं कुटनं जाईल?" हे मी शिकवलेलं नव्हतं! पाटी पुरेना, तेव्हा गोठ्याची भिंत कोळशानं भरली. लोक हसले. तुमच्यातलेच हसले. हसला होतात की नाही?

भात कापायला आलं, तेव्हा एका दुपारी त्या धावत आल्या. "बाई, गेला! दोनशे एकोणचाळीसनं गेला!" एवढे गाळूनही बावन्नावा आकडा होता तो. उत्तर चार हजार सहाशे एकोणपन्नास. बाकी शून्य. मी म्हटलं, आता या उत्तराला भाग जातो का बघा. म्हणाल्या, "त्याच्या पोटात ल्हान आकडा असता, तर मला आदीच घावला असता की."

आम्ही दोघी चालत पौडला साहेबांच्या कचेरीत गेलो. साहेबांनी पाटी पाहिली आणि मला विचारलं, "तुम्हीच करून दिलंत ना?" सगुणाबाईंनी पाटी पुसली. उभ्या उभ्या सगळा गुणाकार करून दाखवला. पुढं वर्ग बंद केल्याचा कागद तेवढा आला.

झाला का बंद? नाही झाला! "सायबाचा कागुद हाय, देऊळ न्हाई. बसा," असं म्हणून त्यांनीच फळा पुसला. गेल्या आठवड्यात ताप चढला, तोवर त्या नऊ बायकांना शिकवत होत्या.

आत्ता इथं ठराव वाचला गेला. 'अशिक्षित असूनही प्रेमळ' असं त्यात लिहिलंय. सरपंच, तो शब्द खोडा. माझ्यादेखत खोडा. मग आपण सगळे उभे राहू आणि त्यांच्यासाठी दोन मिनिटं शांत राहू. तोवर मी खाली बसणार नाही.