गायरानावरचं बेसबॉल

पडेगावच्या बेसबॉल स्टेडियमची सभा तुम्ही चुकवलीत राव! 'आपल्या शहरात बेसबॉल खेळतं कोण?' असं मी विचारलं, तर स्टेडियमची योजना मांडणारे सरकारी साहेब म्हणाले, 'आधी स्टेडियम होऊ द्या, खेळाडू येतील.' मग त्यांनी पडद्यावर हिरवंगार मैदान दाखवलं.

ज्यांचं चराईचं गायरान त्यात जाणार, ते मेंढपाळ समोरच बसले होते. त्यांतले भीमामामा उठले. 'साहेब, हे उन्हाळ्यातबी हिरवं?'

'हो, रोज पाणी मारणार ना!'

'व्हय? इथं माणसांच्या नळाला आठ-आठ दिस पाणी नाय. पण लई झ्याक! पाणी आणा, गवत लावा, मेंढरं आमची हायेतच. तेवढा खेळ कॅन्सल करा.'

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी हसून हात जोडले, 'आपल्या पाठिंब्याबद्दल आभारी आहे!'