वांग्याच्या पानाला काटे

आराधना : तुम्ही गावी निघालात, आणि मला हे आत्ता कळतंय, पप्पा! टेम्पो निघाल्यावर!

गिदोन : निघून तर बराच वेळ झाला. भाळवणीला चहा घ्यायला थांबला होता टेम्पोवाला पुंजाराम. मघाशी फोन येऊन गेला. थोड्याच वेळात सावेडीत येईल.

आराधना : त्याला सांगा, परत जा म्हणून.

गिदोन : का सांगू? माणूस भल्या सकाळी पारनेरहून निघाला आहे. पंधरा फेब्रुवारी उजाडली. टोमॅटो सहा पानांवर आलेत. आता रोज उशीर म्हणजे उन्हाच्या तोंडी लागवड. तू आधी बस. हेल्मेट तरी काढ डोक्यावरचं.

आराधना : बसायला जागा कुठे ठेवलीय तुम्ही? सोफ्यावर मिरची, खुर्चीवर टोमॅटो. कॉलेजची लायब्ररी उघडी टाकून आलेय मी. गोजरबाईंचा फोन आला, 'ताई, सर बॅग भरायला लागलेत.' तशीच निघाले.

गोजरबाई : मी म्हनलं, ताईला कळलेलं बरं. भांडी घासाया आले तर सर कपड्याच्या घड्या घालत हुते.

गिदोन : बरं केलंत कळवलंत ते. चोरून जाणार नव्हतोच मी. चिठ्ठी लिहून ठेवली आहे तिथे, टीव्हीपाशी... नाही, खिडकीत. असेल कुठेतरी.

आराधना : चिठ्ठी! पोटच्या मुलीला चिठ्ठी लिहून जाणार होतात!

गिदोन : समोर बोललो असतो तर तू रडली असतीस. मग माझं पाऊल निघालं नसतं. आराधना, नाताळच्या दुसऱ्या दिवशी याच टेबलाशी बसून तू मला काय म्हणाली होतीस?

आराधना : बोलून गेले असेन काहीतरी.

गिदोन : काहीतरी नव्हे. 'पप्पा, तुम्ही गावी एकटे राहू शकता हे मला दाखवा. दरवर्षी वाटता तेवढी रोपं इथे, या फ्लॅटमध्ये वाढवून दाखवा. कुणाची मदत न घेता. जगवलीत, तर मी स्वतः तुम्हाला सोडायला येईन.' शब्दन् शब्द तुझा आहे. हे मात्र मला चांगलं आठवतं.

आराधना : मला वाटलं होतं, तुमचा वेळ जाईल.

गिदोन : असं होय. म्हणजे तो शब्द नव्हता. पोराच्या हातात खुळखुळा दिला होतास.

आराधना : तसं नाही हो पप्पा.

गिदोन : एकशे चाळीस रोपं आहेत. मोजून घे. मिरचीला ऊब लागते, म्हणून तिचे ट्रे आजपर्यंत फ्रिजच्या डोक्यावर ठेवले होते. कोथिंबिरीच्या मुळांना धक्का सोसत नाही, म्हणून ती कागदी पेल्यांत पेरली. पेल्यासकट मातीत जाईल. पुदिना बाटल्यांमध्ये, शेपू अंड्यांच्या ट्रेमध्ये. गेला आठवडाभर दुपारी दोन तास बाल्कनीत नेऊन ठेवतोय, उन्हाची सवय व्हावी म्हणून. शहात्तर वर्षांचा माणूस तिसऱ्या मजल्यावर एवढं करतो, आणि तो एकटा राहू शकत नाही?

आराधना : नोव्हेंबरात गावाहून तुमच्या शेजारच्या कल्याणचा फोन आला होता. सर दार सताड उघडं टाकून फिरायला जातात म्हणाला. एकदा तर संध्याकाळी त्याच्या विहिरीवर सापडलात. घरी जायची वाट विचारत होतात.

गिदोन : अंधार पडला होता. आणि दाराचं म्हणशील तर गावात सगळ्यांचीच दारं उघडी असतात. तिथे लोक वाट बघत आहेत माझी. एकतीस वर्षं फेब्रुवारीत गिदोन सरांची रोपं गेली नाहीत असं एक घर नाही त्या आळीत. कल्याणच्या आईनं, केशरबाईनं, दोनदा निरोप धाडला, वाफे करून ठेवलेत म्हणून. इथे माझी वाट कोण बघतं? लिफ्टसुद्धा थांबत नाही.

आराधना : मी बघते ना! चार वाजल्यापासून घड्याळाकडे बघत असते मी.

गिदोन : धास्तीनं बघतेस. धास्तीनं बघणं वेगळं. गोजरबाई, तुम्हीच सांगा आता. दोन महिने रोज दोन वेळा येता तुम्ही. या रोपांना माझ्याशिवाय कुणाचा हात लागला?

गोजरबाई : ...न्हाई.

गिदोन : मोठ्यानं सांगा, हिला ऐकू जाऊ दे.

गोजरबाई : न्हाई म्हनलं ना सर. तुमचीच हायेत समदी. मी भांडी घासू का? पानी जाईल.

गिदोन : ऐकलंस? आता तो मोठा खोका दे इकडे. मिरचीचे ट्रे आडवे नको करूस, सरळ उचल. थांब, फोन वाजतोय. हां, पुंजाराम. कुठे आलास? नेप्ती नाका? ये, ये. तयारच आहे मी. खाली आलास की फोन कर.

आराधना : पप्पा, निदान उद्याच्या रविवारपर्यंत तरी थांबा.

गिदोन : रविवारी तू म्हणशील, ईस्टरपर्यंत थांबा.

आराधना : म्हणेनही. आई गेल्यापासून तुम्ही एकटे आहात तिथे. रात्री छातीत दुखलं तर? कुठे पडलात तर?

गिदोन : इथे पडलो तर फरशीवर पडेन, तिथे मातीत. बाळा, मी तुझ्यावर रागावलेलो नाही. पण या घरात मी सकाळी उठतो आणि दिवसाचं काय करायचं ते मला समजत नाही. या खोलीतून त्या खोलीत फिरत राहतो. रोपांशी असतो तेवढाच वेळ मी जागच्या जागी असतो.

आराधना : ...बरं.

गिदोन : काय बरं?

आराधना : जा. मी बोलले होते, तुम्ही करून दाखवलंत. आता मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू? रोज सकाळ-संध्याकाळ फोन करायचा. गोळ्यांचा डबा भरून देते. गोजरबाई, त्या स्टुलावरची गोणपाटं द्या, खोक्यात खाली घालायला.

गोजरबाई : ताई, नका देऊ.

आराधना : काय नको देऊ?

गोजरबाई : सरांस्नी नका जाऊ देऊ. मी मगाशी खोटं बोलले.

गिदोन : गोजरबाई.

गोजरबाई : बोलू द्या सर. आता न्हाई बोलले आन् उद्या तिकडं काय झालं, तर मला घास गिळायचा न्हाई. ताई, सर सकाळी सहाला पानी घालत्यात. सातला पुन्यांदा. मी साडेआठला येते, तवा हातात तांब्या असतोच. 'गोजरबाई, आज अजून पानी घालायचं राह्यलंय' म्हनत्यात. ट्रे निस्ते पोहत असायचे. सर आंघोळीला गेले की मी येकयेक ट्रे तिरपा करून पानी काढायची. बादलीभर निघायचं. त्याच पान्यानं फरशी पुसायची.

आराधना : रोज?

गोजरबाई : रोज. तरीबी पयली वांगी समदी गेली. बुडातच सडली, माना टाकल्या. सर दोन दिस जेवले न्हाईत. तुमाला म्हनले पोट बिघडलंय. मला काय बघवंना. माझ्या भावजयीच्या वाफ्यात वांगी हुती, तिची चाळीस रोपं पिशवीत घालून आनली आन् सर चर्चला गेल्यावर लावून टाकली. टोमॅटोचंबी तसंच. निम्मे माझेच हायेत.

गिदोन : कधी?

गोजरबाई : झाले की पंधरा-वीस दिस.

(गिदोन खिडकीतला वांग्यांचा ट्रे उचलून उजेडात धरतात.)

गिदोन : हे बघ. इथे, पानाच्या मधल्या शिरेवर. हात लाव.

आराधना : टोचतंय.

गिदोन : काटे आहेत. मी पेरलं ते बी बिनकाट्याचं होतं. बारा वर्षं मी स्वतः धरलेलं बी. त्याच्या पानाला काटा येत नाही, येऊच शकत नाही.

गोजरबाई : आमच्याकडचं काटेरीच असतंय सर. मला कुठं ठावं, तुमचं येगळं म्हनून.

गिदोन : आठ दिवसांपूर्वी मला हे काटे दिसले. चष्मा पुसून पाहिले. भिंग घेऊन पाहिले. आणि मग मी गप्प बसलो. मला वाटलं, संपलं. जन्मभर पोरांना शिकवलं, आता स्वतःचं बीसुद्धा ओळखू येईना. कुठलं बी पेरलं हेच आपण विसरलो. आठ रात्री डोळ्याला डोळा नाही, आराधना. म्हणून घाई केली टेम्पोची. तुझ्या लक्षात यायच्या आत निघून जावं म्हणून.

गोजरबाई : अरं देवा. मी तर तुमचं बरं व्हावं म्हनून केलं.

गिदोन : मला दिसलं ते खरं होतं! तुम्ही मला सांगायला हवं होतं, गोजरबाई. रोपं मेली, तर मेली म्हणून सांगायचं. मी काय कुक्कुलं बाळ आहे? मेलेलं झाकून ठेवलंत आणि मी माझ्याच डोळ्यांवर विश्वास ठेवेनासा झालो.

गोजरबाई : चुकलं माझं. पाया पडते.

गिदोन : पाया नका पडू. पायापाशी शेपू आहे, तुडवाल.

आराधना : पप्पा, त्यांना नका बोलू. मलाही दिसलं होतं.

गिदोन : काय दिसलं होतं?

आराधना : कोथिंबिरीच्या पेल्यांत खोचलेल्या नावाच्या काड्यांवर तुम्ही 'मिरची' लिहिलं होतंत. सातआठ पेल्यांत. मी रात्री काड्या बदलल्या. नवीन काड्यांवर तुमच्यासारखं अक्षर काढायला दोन तास लागले मला. तुम्हाला विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं, तर मग पुढचंही विचारावं लागलं असतं.

गिदोन : म्हणजे दोघी मिळून मला पास करत होतात.

आराधना : हो.

गिदोन : मी असा एकही मुलगा पास केला नव्हता, उभ्या नोकरीत. ...आणि गॅसचं? तेही सांगितलंत का हिला, गोजरबाई?

गोजरबाई : न्हाई. तुमी सांगू नका म्हनला हुता.

आराधना : कसला गॅस?

गिदोन : सांगा आता. परीक्षा संपली.

गोजरबाई : परवा मी आले, तर दूध उतू जाऊन शेगडी इझलेली, आन् गॅस चालूच. सर बाल्कनीत रोपांशी बोलत बसलेले. मी खिडक्या उघडल्या. सर म्हनले, ताईला नका सांगू.

आराधना : पप्पा...

गिदोन : वास आला होता मला. पण कशाचा ते सुचेना. खतांचा असेल वाटलं. हे तिकडे झालं असतं, तर खिडक्या उघडायला कोण आलं असतं, हे मला परवापासून कळतं आहे. कळतं, आणि तरी बॅग भरतो. तू मला विचारशील, असं का? मला नाही सांगता येणार. इथे बसून राहिलो, तर एकेक गोष्ट हातातून जाताना बघत बसावं लागेल, असं वाटतं. तिकडे निदान हात मातीत असतील.

आराधना : आपण डॉक्टरांना दाखवू. मी चौकशी करून ठेवलीय. महिना झाला, नंबर पर्समध्ये घेऊन फिरतेय.

गिदोन : महिनाभर?

आराधना : तुम्हाला कसं सांगायचं तेच कळत नव्हतं.

गिदोन : असंच सांगायचं. 'पप्पा, तुम्ही विसरता, डॉक्टरकडे जाऊ.' एवढं सोपं वाक्य आहे. सोमवारी जाऊ. पण त्यांच्यासमोर माझ्या वतीनं उत्तरं द्यायची नाहीत. मला जमतील तेवढी मी देईन.

आराधना : नाही देणार. शप्पथ.

गिदोन : शपथ घेऊ नये. गोजरबाई, यातली माझी कुठली आहेत? खरं सांगा हं आता.

गोजरबाई : मिरची समदी तुमची. ती वर फ्रिजवर हुती, तिथवर तांब्या पोचत न्हाई, म्हनून वाचली. कोथिंबीर तुमची, पुदिना, शेपू तुमचा. टोमॅटोत डावीकडचे दोन ट्रे तुमचे. वांगी... वांगी माझ्या भावजयीची.

गिदोन : म्हणजे साठसत्तर तरी आहेत. ठीक आहे. वाईट नाहीत. आणि ही वांगीसुद्धा छान वाढवलीत तुम्ही. बुंधा जाड आहे. केशरबाईला काटेरीच आवडतात, भरायला. तिला सांगा मात्र, कुणाची आहेत ते.

आराधना : पप्पा, रोपं तर लावायलाच हवीत. आज शनिवार आहे. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकते. आपण जाऊ आणि लावून येऊ.

गिदोन : आणि रोजचं पाणी?

आराधना : कल्याण देईल ना. त्याची विहीर शेजारीच आहे.

गिदोन : तो हात सैल सोडेल, जास्त घालेल. नाही... नको, तोच देऊ दे. त्याच्या लक्षात राहील. दर शनिवारी जाऊन बघता येईल मला?

आराधना : दर शनिवारी. मी नेईन.

गोजरबाई : ताई, मी बी आले असते आज. वांगी मला लावायला लई आवडतात. इथं समदं डब्यातच.

आराधना : चला की. भांडी राहू द्या. पप्पा, फोन वाजतोय तुमचा. सोफ्यावर, मिरचीच्या मागे.

गिदोन : दे. हां, पुंजाराम. आलास खाली? वर ये, खोके उचलायला हात लाव. नाही, खाट नाही न्यायची. बॅगही नाही. रोपं तेवढी आहेत. आणि ऐक, आज दुसरं भाडं घेऊ नकोस, संध्याकाळी परत यायचं आहे... हो रे, मलासुद्धा.