मावशीच्या सुरामागे

सुकटीचा वास. खिडकीत अडकलेली ओढणी. सीटवर माणसासारखा बसवलेला नव्या सिंथेसायझरचा खोका.

पनवेल-उरण एसटीत हेतलच्या मागच्या सीटवर दोघांची जुंपली होती: लग्नात धवले गाणारी रंभामावशी आणि हळदीत कीबोर्ड वाजवणारा तिचा भाचा मिथुन.

"दुकानात तो मोठा किती देखना व्हता! ह्योच का घेतलास?"

"तो महाग. नि त्यात सगळं आयतं, मावशी. या सिंथमदे आवाज आपनच घडवायचा. शिकायला बरा, हळदीत वाजवायलाबी."

"माज्या धवल्यांत पेटीबिटी नको. मागं राहते."

"तू दर कडव्याला वर चढतेस ना! ह्यं बटन फिरवलं की सूर तुज्यासंगं चढतो."

"म्हंजे मी बेसूर?"

"नाय गं! जुना कीबोर्ड बेसूर."

"हां. मंग आपल्या कोमलच्या हळदीला वाजव. मागं राहिलास, तर माज्यासंगं पुन्ना नाय."

"चालंल."

"आनी तू गं पोरी, मान दुखंल वळून वळून. तूबी ये हळदीला."

हेतल गेली. चौथ्या कडव्याला रंभामावशी मुद्दाम सुरात खाली उतरली. मिथुनही उतरला.

बटण उलटंही फिरतं का, हे मावशीनं दुकानातच विचारून घेतलं होतं.