ती पळत नाही

धुळ्यातल्या एका दवाखान्यात डायलिसिसच्या नंबरची वाट पाहत हिलालनाना बसले होते. शेजारी दिपमाला आपल्या नवऱ्याला, प्रेमराजला, झोंबींची, म्हणजे माणसांना चावणाऱ्या जिवंत मुडद्यांची, कादंबरी सांगत होती. नानांचे कान तिकडेच लागले होते.

"आता त्या पोरीसोबतच्या मुलाला झोंबी चावलाय. संध्याकाळपर्यंत तोही झोंबी होणार."

"मग तिने पळावं ना."

"तोही तेच म्हणतो. माझ्यापायी मरू नको म्हणतो."

"बरोबरच बोलतो."

"ती पळत नाही. त्याला लोटगाडीवर घालते, अन् औषध असलेल्या गावाकडे ढकलत निघते."

"पुस्तकात ठीक आहे, दिपा. मला तुझी किडनी नको."

"एका किडनीवर माणूस जगतो. डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं."

"तुझ्या आईला काय तोंड दाखवू?"

"आईला मी सांगितलं. आधी रडली, मग म्हणाली, ऑपरेशनला मी येते सोबत."

"अन् मी नाहीच म्हटलं तर?"

"तर उद्या पुन्हा विचारीन. परवा पुन्हा. तुम्ही थकाल, मी नाही थकणार. फॉर्मवर माझी सही झालीये, तुमची तेवढी राहिलीये."

नानांना राहवेना.

"बेटी, मंग ती पोर गावले पोचनी का?"

"अजून वाटेतच आहे, नाना. पण थांबलेली नाही."

तेवढ्यात नर्सने प्रेमराजचं नाव पुकारलं. तो उठला, दोन पावलं गेला आणि मागे वळला.

"कुठे करायची सही?"

"इथे. माझ्या नावाखाली."