अर्जातला स्टोअरकीपर

सन्माननीय अध्यक्षा श्रीमती जीन तुस्कानो, व्यासपीठावरील मान्यवर, उद्या अबुधाबी कायमची सोडणारे माझे मित्र श्री. व्हिन्सेंट डाबरे आणि उपस्थित बंधुभगिनींनो,

माझ्या आधी त्यांचे चिरंजीव सॅव्हियो बोलले. मुलाने वडिलांविषयी कृतज्ञ असावे, हे योग्यच. परंतु ‘पप्पांनी संसारासाठी संगीत स्वतःहून सोडलं’ हे त्यांचे विधान चुकीचे आहे.

वसईच्या लग्नांत तेव्हा ब्रास बँड वाजे. सतरा वर्षांच्या व्हिन्सेंटनी एका वरातीत रेडिओला तारा जोडून गिटारवर रॉक अँड रोल वाजवले. नवरी भर रस्त्यात नाचू लागली. फादर संतापले आणि पुढच्या रविवारी त्यांनीच हळूच विचारले, “काय रे, तो रेडिओ पुन्हा कधी आणतोस?” आज वसईत त्या ठेक्यावाचून वरात निघते का?

१९७६ साली मी मुंबईत फोर्टमधील एका भरती कचेरीत आखातात जाणाऱ्यांचे अर्ज भरीत असे. येथे अबुधाबीत एका हॉटेलास गिटारवादक हवा होता. व्हिन्सेंट म्हणाले, “मास्तर, म्युझिशियन लिही. दुसरं काही लिहू नको हां!” तो करार सहा महिन्यांचा, येथल्याच एका बांधकाम कंपनीतील नोकरी कायमची. मी ‘स्टोअरकीपर’ लिहिले. त्यांनी न वाचता सही केली. माझ्यावाचून आणखी कोणावर त्यांनी विश्वास ठेवायचा होता?

विमानतळावर त्यांना न्यायला सिमेंटचा ट्रक आला. तीस वर्षे त्यांनी खिळे मोजले. येथे काम करण्याचा परवाना स्टोअरकीपरचा, म्हणून हॉटेलचा मंच मिळाला नाही. दर शुक्रवारी मात्र कामगारांच्या कॅम्पच्या जेवणघरात ते गिटार शिकवीत. या सभागृहातील अकरा वादक तेथे घडले.

मीही पुढे येथे आलो आणि त्या अर्जाविषयी गप्प राहिलो. गेल्या मंगळवारी त्यांना सांगितले. ते चहा ढवळीत होते.

“ठाऊक होतं, मास्तर. खलास. साखर दे इकडे.”

मी साखर दिली. मला काहीच वाटले नाही. आताही वाटत नाही. वाटायला हवे होते, एवढे कळते.

संयोजकांचा मी आभारी आहे. भाषणातील उणिवा आपण पोटात घालाव्यात. अर्जाविषयी तशी विनंती करण्याचा अधिकार मला नाही.

स्मरणिकेतील तारखा अशा दुरुस्त कराव्यात:

जन्म: १९४२; १९४४ नव्हे.

वरातीतील वादन: मे १९५९.

अबुधाबीत आगमन: ९ ऑक्टोबर १९७६.

‘संगीत सोडले, १९७६’: हे खोडावे. त्या वर्षी मी अर्ज भरला.