बर्फाच्या गाडीवरची खोटी धूळ

हॅलो?… हॅलो, कोण?… हां, तूच. तुझ्याच फोनची वाट बघत बसले होते. उभा असशील तर आधी खाली बस.

…तब्येत? माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय! तोंडघशी पाडलंस मला, ते सांगायचंय.

…मी ओरडत नाहीये. हा माझा साधा आवाज आहे. ओरडायला अजून सुरुवात केलेली नाही.

…हो, येऊन गेलं तुझं गिऱ्हाईक. तो टोपीवाला. …नाही घेतली गाडी. घेईल कशाला? "बाई, तुमच्या घरात असा खोटेपणा चालतो?" असं म्हणाला. माझ्या दारात उभा राहून! आणि मला उलटा एक शब्द बोलता आला नाही. मला! तुझ्या आजीला कधी उलट उत्तर दिल्याशिवाय राहिले नाही मी, आणि परक्या माणसासमोर मान खाली घालून उभी!

…का म्हणजे? मला विचारतोस? तू आणि तुझा तो मेव्हणा शेडचं दार आतून लावून काय करत होतात?

…साफसफाई. बरं. परत म्हण एकदा, नीट ऐकू दे.

…अरे, मी तुम्हाला चहा आणून दिला! दाराच्या फटीतून कप आत सरकवले! म्हटलं, पोरं बापाच्या गाडीसाठी घाम गाळतायत. आणि तुम्ही काय, तर अंगणातली माती चाळून गाडीवर टाकत होतात! माझ्या पिठाच्या चाळणीनं! सगळं घर पालथं घातलं मी त्या चाळणीपायी. ती शेडच्या कोपऱ्यात!

…थांब, मला बोलू दे. वर मलाच सांगून गेलास, "आई, लाकडाला पॉलिश दिलंय, सुकेपर्यंत दार उघडू नकोस." आणि मी ऐकलं. जन्मात पहिल्यांदा तुझं ऐकलं! तो माणूस आला, मी मोठ्या तोऱ्यात पुढं झाले, "या, बघा," म्हणून दार ढकललं… आत काय तर उकिरडा.

…काय "तसंच हवं असतं"? तुझी जाहिरात त्यानंच वाचून दाखवली मला. "वर्षानुवर्षं बंद शेडमध्ये पडून असलेली, कुणाचाही हात न लागलेली, सापडली तशी." सापडली? हरवली कधी होती? आणि मी काय मेले होते? रोज सकाळी फडकं मारते मी तिला. लाकडाला तेल पाजते. हात न लागलेली म्हणे!

…हो, हो, ते कळतं मला. न रंगवलेल्या, न दुरुस्त केलेल्या जुन्या गाड्या लोक शोधत फिरतात. मग तशीच तर आहे ती! बर्फाच्या कारखान्यातून आणली तेव्हाचाच निळा रंग आहे. पोपडे निघाले तरी तुझ्या बाबांनी वर ब्रश फिरवू दिला नाही कुणाला. इंजिन तेच, दिवे तेच, मागचा लाकडी खोका तोच. आतून जस्ताचा पत्रा, भिंतीत भुसा ठासलेला, वितळलेलं पाणी जायला तळाशी नळी. अशी गाडी दुसरी कुठं उभी असेल तर दाखव मला. सगळं खरं होतं रे! खऱ्यावर खोटं कशाला ओतायचं?

…"लोकांना धूळ आवडते." वा! मग लग्नात तुलाही बिनआंघोळीचाच उभा केला असता. भाव वाढला असता तुझा.

…कसं कळलं म्हणजे? तो काय आंधळा होता? बोट फिरवलं, चिमटीत चोळलं, हुंगलं. "बाई, ही लाल माती अंगणातली. शेडला तर फरशी आहे, खिडकीसुद्धा नाही. ही काय दार वाजवून आत आली?" मग पांढऱ्या सदऱ्यानिशी गाडीखाली शिरला. वर बोटभर धूळ, आणि खाली माझ्या हातचं ताजं ग्रीस! पडून राहिलेल्या गाडीला ग्रीस कोण लावतं, भूत?

…आणि ती कोळिष्टकं! आरशावरचं एक त्यानं ओढलं, तर निघतोय आपला कापूस, लांबच्या लांब! माझ्या उशीतला! मी आपली रोज म्हणतेय, उशी अशी चपटी का झाली, मान का धरलीय…

तुझ्या मागं हसतंय कोण?… सूनबाई? हसू दे तिला. तुझ्याशी संसार करते, तेवढा हक्क आहे तिचा.

…नाही, मेव्हण्याचं नाव पुढं करू नकोस. मेव्हण्यानं गोठ्यात झोप म्हटलं तर झोपशील का?

…ऐक आता. मला लागलंय कुठं, ते ऐक. सगळं बघून झाल्यावर त्यानं त्या खोक्यावर टकटक केलं आणि म्हणाला, "धूळ खोटी, जाळी खोटी, मग हा खोकाही नंतर बसवलेला असणार." तो खोका! तुझ्या बाबांनी खांदा लावून लावून ज्याचं दार गुळगुळीत केलं, तो खोका! मी तोंड उघडलं सांगायला, तर हात जोडले आणि चालता झाला. माझं खरंसुद्धा कुणी ऐकून घेईना, अशी अवस्था केलीस तू.

…असे छप्पन्न येतील? अरे, माणूस बरा होता तो! आधीचा आठवतोय? खोका कापून हॉटेलाचं काउंटर करणार होता. ह्यानं फाटकातच विचारलं, "चालते का?" म्हटलं, चालते. चेहरा बघायला हवा होतास त्याचा! म्हणे, रस्त्यावर काढीन. माझ्या खांद्यानं आता गाडी सुरू करायचं हँडल फिरत नाही म्हणून विकायला काढली मी, नाहीतर कशाला काढली असती? चालवणाऱ्याच्या हाती जावी, एवढीच इच्छा. तीही मातीत घातलीस. चाळून!

…काय? दुसरं गिऱ्हाईक येतंय? धूळ तशीच राहू दे?… धूळ गेली. तो फाटकाबाहेर पडला तशी बादली घेतली मी. तुझे सगळे कष्ट गटारात वाहून गेले. जा, शोध.

…डोक्याला हात मारून घेऊ नकोस, ऐकू येतंय मला. सूनबाईला दे फोन. …दे म्हणते ना!

…हां, अगं, हसणं झालं का? लिहून घे. त्याची ती जाहिरात काढून टाक आणि ही टाक. "बर्फाची गाडी विकणे आहे." …लिहिलंस? "सापडलेली नाही. आमचीच आहे, आणि चालते." …पुढं. "रंग पहिला, खोका पहिला. डाव्या दाराला पोचा आहे, तो मुलानं फाटकाला घासून पाडला."

…घाल, घाल. त्याला काय विचारतेस!

…"आधीच्या फोटोतली धूळ खोटी होती. मुलानं टाकली, आईनं धुतली." …अगं हो, असंच. सुधारू नकोस काही. शाळेत फार गेले नाही, पण खरं कसं सांगायचं ते कळतं मला. "खोका कापणाऱ्यांनी येऊ नये." …किंमत? नको. आधी माणूस बघीन, मग किंमत.

…फोन नंबर? माझा. …हो, त्याचा काढ. माझ्या गाडीचं मी बोलेन.

…आणि ऐक ना, आधी त्या टोपीवाल्याला पाठव. …नसेल बघायचं तर नाही बघणार. तू पाठव तर खरं.

…गेलं?… वाचलं त्यानं? तिथं तसं दिसतं?… मग काय म्हणतोय?… काहीच नाही?

…बरं. ठेव, ठेव आता. त्यानं फोन केला तर लाइन मोकळी हवी.